चेहऱ्यावरचं लाटणं

माझा चेहऱ्याचा रोलर करकरतो. जुन्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात ना, तसा. गालावरून कानाकडे जाताना एकदा, आणि उचलून परत नाकापाशी टेकवला की पुन्हा एकदा. सकाळी पावणेसहाला बाकी घर झोपलेलं असतं तेव्हा हा आवाज जरा जास्तच मोठा वाटतो, आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने उशीतून डोकं वर काढून विचारलं होतं, "काय गं, चेहऱ्यावर पोळ्या लाटतेस का?" तेव्हापासून आमच्याकडे त्याला लाटणंच म्हणतात. तुझं लाटणं बेसिनवर राहिलंय, तुझं लाटणं फ्रीजमध्ये भाजीच्या खाली गेलंय, वगैरे. मला तेव्हा राग आला होता, पण आता वाटतं बोलला ते बरोबरच होतं, फक्त पोळ्या कुठल्या ते चुकलं त्याचं. ते येईल पुढे.

रोलर मिळाला भाऊबीजेला. दादा गेली काही वर्षं पाकीट देतो, पण त्याची मुलगी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती वर आपल्या मनाने काहीतरी देते. ह्या वेळी मखमली खोक्यात गुलाबी दगडाचा रोलर, रोज क्वार्ट्झचा म्हणे, एका टोकाला जाड दंडगोल आणि दुसऱ्या टोकाला छोटुसा, डोळ्यांखाली फिरवायला. सोबत गुआ शा नावाचा एक चपटा दगड. "आत्तू, तू सकाळच्या मीटिंगला कसली सुजलेली दिसतेस गं," असं तिने फराळाच्या ताटासमोर सगळ्यांदेखत सांगितलं. खोटं काही नव्हतं त्यात. माझी सव्वानऊची व्हिडिओ मीटिंग असते आणि त्या चौकोनात मी रात्रभर रडल्यासारखी दिसते. रडलेली नसते हो, रात्री साडेनऊला खिचडी, दोन पापड आणि लोणच्याचा खार एवढंच झालेलं असतं. मिठामुळे अंगात पाणी धरलं जातं, आडवं झोपल्यावर ते चेहऱ्याकडे पसरतं, डोळ्यांखालची कातडी अंगातल्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तिथे ते पहिलं दिसतं. उठून चाललं-फिरलं की तासा-दोन तासात आपोआप उतरतं. पण मला तासा-दोन तास कुठे होते, मला सव्वानऊच्या आत उतरायला हवं होतं.

मग मी काय केलं ते सगळं सांगते, कारण जेवढं चुकता येतं तेवढं मी पहिल्या दोन महिन्यांत चुकून घेतलं.

कोरड्या चेहऱ्यावर फिरवला. तो ओढला गेला, कातडी दुमडली, म्हणून मग खोबरेल लावलं, कारण घरात ते असतं. आता खोबरेल केसांना, हातापायांना, बाळाला कितीही चांगलं असलं तरी चेहऱ्याला ते सगळ्यांना सोसत नाही, माझ्यासारख्या तेलकट कातडीची छिद्रं बुजतात, हे मला चाळिशीत कळलं. मग पुढे-मागे, पुढे-मागे, इस्त्री करतात तसा. मग जोर. का तर कसंय, आपल्याकडे जोर दिल्याशिवाय काही केल्यासारखं वाटतच नाही. उटणं लावायचं तर कातडी लाल होईपर्यंत, टाचा घासायच्या तर वज्रीने, मालिश करणाऱ्या बाई आल्या तर "जरा दाबून करा हो". हलक्या हाताने केलेलं काम म्हणजे अंगचोर काम असंच डोक्यात बसलेलं. तर मी दात-ओठ खाऊन लाटत होते, आणि मग कुठल्याशा रीलमध्ये बघून तो फ्रीजरमध्ये ठेवायला लागले. बर्फासारखा दगड काढून थेट कपाळावर. पहिल्या दिवशी झिणझिण्या आल्या, मला वाटलं वा, काम करतोय. चौथ्या दिवशी भुवईच्या वर लाल पट्टा उठला, तो संध्याकाळपर्यंत गेलाच नाही.

आणि मिरच्यांचं सांगायलाच पाहिजे. फ्रीजरचं सोडून मी त्याला खालच्या कप्प्यात आणला खरा, पण उघडाच ठेवला, आणि त्याच कप्प्यात देठं काढलेल्या मिरच्यांचा डबा, त्याचं झाकण नीट लागत नाही. एका सकाळी डोळ्याखाली छोटा रोलर फिरवला आणि दहा सेकंदांत मी किचनच्या ओट्याला धरून उभी. पाण्याने धुतलं, आणखी पसरलं. तिखट पाण्यात विरघळतच नाही, तेलात विरघळतं, त्यामुळे शेवटी सासूबाईंनी कापसावर तेल घेऊन डोळा मिटायला लावून खालचं पुसून काढलं, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. न बोलणं हेच त्यांचं बोलणं. त्या दिवशी मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवला.

जानेवारीपर्यंत जबड्याच्या कडेला पुळ्यांची रांग आणि डाव्या गालावर एक तपकिरी डाग अशी कमाई झाली होती. तो डाग म्हणजे जिथे एक पिकलेली पुळी होती आणि मी तिच्यावरून रोज रोलर नेत होते, तिथला. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचं हे एक आहेच, कुठेही जराशी इजा झाली, चोळलं, टोचलं, भाजलं, की लाली जाते आणि काळसर डाग मागे ठेवून जाते, आणि तो जायला महिनोन्महिने घेतो. गोऱ्या बायकांच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही कारण त्यांना ते तेवढं होत नाही.

स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्याच वयाच्या असतील, टेबलावर भिंग लावलेला दिवा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रोलर आहे का आत्ता जवळ?" होता. पर्समध्येच होता, ऑफिसात दुपारी फिरवायला म्हणून मी तो घेऊन हिंडायचे. त्यांनी तो दिव्याखाली धरला, दगडाच्या टोकाला जी सोनेरी टोपी असते आणि ज्याच्यातून तार जाते तिथे एक टूथपिक घातली आणि ओढली. करड्या रंगाची, ओल्या कणकेसारखी मळी निघाली. दुसऱ्या टोकातूनही तेवढीच, आणि माझा एक केस, गुंडाळलेला. "हे रोज सकाळी चेहऱ्यावर परत लावता तुम्ही," म्हणाल्या. मी दगड रोज पुसत होते हो, टॉवेलने. टोपीच्या आत काय चाललंय ते कशाला बघायला जाते.

मग त्यांनी आपला हात पुढे केला, मनगटावरचा पांढरा कोट सरकवून. "चेहऱ्यावर फिरवता तसाच फिरवा." मी फिरवला. एकदाच. त्यांच्या हातावर आधी पांढरा पट्टा उठला आणि मग तो हळूहळू गुलाबी होत गेला, आम्ही दोघी बघत होतो. "अहो ताई," त्या म्हणाल्या, "हे चेहऱ्यावर?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला शाळेत कोणी नीट सांगितलं नव्हतं. रक्ताला ढकलायला हृदय आहे. पण पेशींच्या मधे जे पाणी साठतं ते उचलून नेणाऱ्या वेगळ्या बारीक नळ्या असतात, लिम्फच्या, त्यांना हृदयासारखा पंप नाही. आपण श्वास घेतो, चालतो, चावतो, स्नायू हलतात, त्या धक्क्याने आणि नळ्यांच्या स्वतःच्या आकुंचनाने ते पाणी पुढे सरकतं, आत झडपा असतात म्हणून मागे येत नाही. चेहऱ्यावरच्या ह्या नळ्या कातडीच्या अगदी लगेच खाली. कानाच्या पुढे आणि जबड्याखाली ज्या गाठी लागतात, घसा धरल्यावर दुखतात त्या, तिथे हे पाणी येतं, तिथून मानेतून खाली, कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरेत जाऊन मिळतं. म्हणजे काय, तर कातडी जराशी सरकेल एवढाच हात लागतो. हाडापर्यंत दाबून काही जास्त पाणी वाहत नाही, उलट ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांना हिरवे-निळे डाग पडतात. एमिल वॉडर नावाचे एक डॅनिश गृहस्थ होते, ते आणि त्यांची बायको फ्रान्समध्ये कान शहरात मसाजचं काम करायचे, त्यांनी 1930 च्या दशकात ह्या हलक्या हाताची पद्धत बसवली आणि 1936 मध्ये पॅरिसला मांडली. आज स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजतो त्या बायकांना फिजिओथेरपिस्ट जे करतात ते त्याच घराण्यातलं. "ते बघा कधी," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल ह्या बाई नुसत्या कुरवाळतायत."

मी विचारलं, म्हणजे रोलर फेकून देऊ का. तर नाही म्हणाल्या. सुरकुत्या जात नाहीत त्याने, चेहरा बारीक होत नाही, "टॉक्सिन" तर काही जात नाहीच, ते काम लिव्हर-किडनीचं. पण सकाळची सूज थोडी लवकर उतरते, गार दगडाने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून लाली जराशी बसते आणि मालिशने रक्त खेळतं. 2018 साली जपानमध्ये हे मोजूनही बघितलंय, थोड्याच लोकांवर, पण मोजून. पाच मिनिटं एका गालावर रोलर फिरवला तर त्या गालाचा रक्तपुरवठा वाढला आणि थांबल्यावरही दहा मिनिटं वाढलेला राहिला. बस एवढंच. दुपारच्या जेवणापर्यंत सगळं जिथल्या तिथे. आणि दगड कुठला ह्याने काडीचा फरक पडत नाही, जेड असो, क्वार्ट्झ असो, नाहीतर फ्रीजमधले दोन स्टीलचे चमचे. दगड गार का लागतो, तर तो आपल्या कातडीतली उष्णता पटकन ओढून घेतो म्हणून, त्यात गुलाबी रंगाचं काही कर्तृत्व नाही. (माझा खरंच क्वार्ट्झ आहे का ते घरी येऊन मी काचेच्या तुकड्यावर घासून बघितलं, काचेवर ओरखडा पडला. क्वार्ट्झ काचेपेक्षा कडक असतो, त्यामुळे निदान भाचीला काच तरी विकलेली नाही.)

मानेचं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. मी काय करायचे, एका हातात रोलर एका हातात तो चपटा गुआ शा, आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी एकदमच वरून खाली ओढायचे, व्हिडिओत ती मुलगी करते तसं, फक्त तिच्यापेक्षा दुप्पट जोराने. जबड्याच्या कोनाखाली जिथे नाडी उडते तिथे शरीराचं बीपी मोजायचं ठिकाण असतं. ते बाहेरून दाबलं की मेंदूला वाटतं बीपी वाढलंय आणि तो हृदयाचे ठोके कमी करतो. माणसाला घेरी येते, वयस्कर माणूस तर खालीच बसतं. मला आठवलं, दोन-तीनदा बेसिनपाशी डोळ्यांसमोर अंधारी आली होती आणि मी समजत होते उपाशीपोटी उभी आहे म्हणून. खरं कारण काय होतं आता कळायला मार्ग नाही. पण त्या दिवसापासून मानेवर एका वेळी एकच बाजू, तीही कडेने, आणि रोलरही न घेता नुसत्या बोटांनी.

आता पुरणपोळी. होळीला सासूबाईंना पंचवीस-तीस पोळ्या कराव्या लागतात आणि त्यांचा खांदा धरलेला, त्यामुळे ह्या वर्षी लाटायला मी. अठरा वर्षं झाली ह्या घरात येऊन, मी साध्या पोळ्या रोज लाटते, पण पुरणाची पोळी मी लाटली की फुटते. नेहमी. पहिली फुटली, दुसरी फुटली, पोळपाटावर पिवळं पुरण चिकटलं आणि त्यात लाटणं रुतलं. सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तू त्याला दाबतेस कशाला? ते आत आहे ना, ते आपल्या पायाने चालत जाईल कडेला. तू फक्त वाट दाखव." आणि उठून माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या तळहाताचं वजन मला लागतच नव्हतं. लाटणं पोळीवरून जात होतं म्हणजे पोळीला टेकत होतं एवढंच, मधून कडेला, कडेला आलं की उचलायचं, परत मधे. मागे ओढायचं नाहीच. पोळी वाढत होती, पुरण तिच्यात सरकताना वरून दिसत होतं, पातळ पारीखाली सावली हलावी तसं, आणि कुठे फुटलं नाही.

मी लाटता लाटता थांबले. त्या म्हणाल्या काय झालं. काय सांगणार, आई, तुम्ही मला आत्ता चेहऱ्याचा मसाज शिकवलात म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसाच धरला रोलर, मूठ वळून न धरता पुरणपोळीच्या लाटण्यासारखा तीन बोटांनी. नाकापासून कानाकडे, कानापाशी उचलायचा, परत नाकापाशी. कपाळावर मधून कानशिलाकडे. हनुवटीपासून जबड्याच्या कडेने कानाखाली. डोळ्याखाली आतून बाहेर, हाडाच्या कडेवर, डोळ्याच्या बुबुळावरून कधीच नाही. एका जागी पाच-सहा वेळा, सगळं मिळून चार मिनिटं. एवढा हलका की पहिले काही दिवस मला मनापासून वाटत होतं मी स्वतःला फसवतेय. पण करकर आवाज निम्म्यावर आला! तो सगळा जोराचा आवाज होता.

बाकीचं आता सवयीने होतं. आधी हात आणि तोंड धुणं, मग मॉइश्चरायझर किंवा न चिकटणाऱ्या तेलाचे दोन थेंब, मग रोलर, आणि सनस्क्रीन सगळ्यात शेवटी, त्याच्यावरून रोलर फिरवायचा नाही, नाहीतर तो थर पुसला जातो आणि डाग परत गडद होतो. झालं की साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, टोपीच्या फटीत जुना टूथब्रश मारून, फडक्याने कोरडा करून झाकणाच्या डब्यात. आतली तार ओली राहिली तर गंजते आणि मग ती गंजकी टोपी गालाला लागते. फ्रीजमधून काढलेला गार दगड लगेच गरम पाण्याखाली धरला तर तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेला दगड सरळ फेकून द्यायचा, त्याची कड कापते. ज्या रात्री रेटिनॉल, म्हणजे ते सुरकुत्या-डागांसाठीचं, कातडी नाजूक करणारं क्रीम, लावलं असेल त्याच्या दुसऱ्या सकाळी रोलरला सुट्टी. पुळी पिकली असेल, ओठावर तापाच्या पुळ्या उठल्या असतील, ऊन लागून चेहरा भाजला असेल, डोळे आले असतील, तर सुट्टी. चेहऱ्यावर बारीक चामखिळी असतील तर त्या रोलरबरोबर रांगेने पसरतात. कोड असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण जिथे घासलं जातं तिथे नवा चट्टा उठू शकतो. फिलर-बोटॉक्सवाल्यांनी आपापल्या डॉक्टरला किती दिवस थांबायचं ते विचारावं, आमच्याकडे तो खर्च नाही. आणि कोणाला वापरायला द्यायचा नाही. मी मुलीला नाही देत, ती चिडते, चिडू दे.

हे सगळं लिहिताना सारखी आजीची काशाची वाटी आठवतेय. देवरुखजवळच्या आमच्या घरी मे महिन्यात रात्री जेवणं झाली की आजी पडवीत बसायची, पायाला तूप लावायची आणि काशाची वाटी उपडी करून तळपायावर गोल गोल फिरवायची. आम्ही नातवंडं रांगेत पाय पसरून. थोड्या वेळाने तूप काळं व्हायचं आणि आजी म्हणायची, "बघ, उष्णता निघाली." आम्ही ज्याचं जास्त काळं त्याला जास्त तिखट खाणारा ठरवायचो. आता तीच काशाची वाटी लाकडी मूठ लावून चेहऱ्याला फिरवायला मिळते, आणि काळी पडली की लोक म्हणतात विषारी द्रव्यं निघाली. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपातली, घामातली आम्लं तांब्यावर काम करतात आणि ते काळं-करडं होतं, दुसरं काही नाही. आजीला हे सांगितलं असतं तरी तिने वाटी खाली ठेवली नसती, आणि मीही पाय मागे घेतला नसता. झोप फार छान लागायची. पण आजीने ती वाटी कधी कोणाच्या गालाला लावली नाही हेही खरं. तळपायाची कातडी वेगळी आणि गालाची वेगळी, एवढं तिला कोणी न सांगता कळत होतं.

आणि एक राहिलंच, नावाचा घोळ. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि माझं बघून तिने पण "रोलर" मागवला. आला तो डर्मारोलर. त्याला बारीक सुया असतात, शेकडो. तिला वाटलं हा जास्त पॉवरफुल प्रकार. तो मसाजचा नव्हेच, त्याने कातडीला मुद्दाम बारीक भोकं पाडतात म्हणजे ती भरून येताना नवं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रोटीन, बनतं, पुरळांचे खड्डे वगैरे भरायला. 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या डेस्मंड फर्नांडिस ह्या प्लास्टिक सर्जननी हे पुढे आणलं. दवाखान्यात ते बधिर करायचं क्रीम लावून, निर्जंतुक सुयांनी, कुठे किती मिलिमीटर ते ठरवून करतात. हिने ते हॉस्टेलच्या आरशासमोर केलं, वर व्हिटॅमिन सीचं सिरम लावलं, जे उघड्या भोकांतून जिथे जायला नको तिथे गेलं. चेहरा दोन दिवस टोमॅटोसारखा आणि मग जाळीसारखे तपकिरी ठिपके. लग्नाला सात आठवडे होते. फोटोत मेकअपखाली काही दिसत नाही, पण ती अजून ते अल्बम उघडत नाही.

पण मला ज्याचं खरं वाईट वाटतं ते मावशीचं.

माझी सांगलीची मावशी, बासष्ट वर्षांची, तिचा फेब्रुवारीत फोन. "अगं, माझाही चेहरा हल्ली फार सुजतो, ते तुझं दगडाचं काय आहे ते मला पाठव ना." मी आनंदाने दुसऱ्याच दिवशी कुरिअर केला, आणि फोनवर सगळं ज्ञान पाजळलं, नाकापासून कानाकडे, मानेवर जोर नको. ती रोज करत होती बिचारी. दर रविवारी मी विचारायचे फरक आहे का, ती म्हणायची थोडा वाटतो. एकदा म्हणाली, संध्याकाळीसुद्धा तसाच राहतो गं, आणि पायांना पण मोजे घातल्यासारखं वाटतं, आवाज बसलाय, थंडी फार वाजते. मी म्हटलं मीठ कमी कर. दोन-तीन महिने हे लिम्फ नि बिम्फ वाचून मी मीठ कमी कर म्हटलं. एप्रिलमध्ये तिची सून तिला दवाखान्यात घेऊन गेली, रक्तातला टीएसएच नावाचा आकडा एवढा वाढलेला की डॉक्टरांनी विचारलं इतके दिवस काय करत होतात. थायरॉइड. सकाळची सूज उठल्यावर उतरायला हवी, दिवसभर राहिली, पायावर आली, तर ते थायरॉइड असू शकतं, किडनी असू शकते, हृदय असू शकतं, आणि त्याला रक्ता-लघवीची तपासणी लागते, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, दुपारी उतरते का, पाय सुजतात का. मला विचारलं होतं. मी तिला विचारलं नाही. मी तिला दगड पाठवला.

मे महिन्यात सांगलीला गेले. मावशी रोज पहाटे उपाशीपोटी गोळी घेते, चेहरा पुन्हा तिचा दिसायला लागलाय, आवाजही आला बराचसा. मी विषय काढायच्या आधीच तिने काढला, "तुझं ते लाटणं ना, ते आता मी वापरत नाही हं, रागावू नकोस." मी कशाला रागावतेय. म्हटलं कुठे ठेवलंस. तिने पडवीकडे बोट दाखवलं. तिची चार वर्षांची नात भातुकली मांडून बसली होती, पत्र्याचा पोळपाट, मातीची चूल, आणि ओल्या मातीचा गोळा त्या गुलाबी रोलरने लाटत होती. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी, पूर्ण वजन टाकून. गोळा मधून फाटला, तिने तो परत गोळा केला आणि आणखी जोरात लाटायला लागली.